सोबतीचा दगड

पूर्वी वेत्रवती नदीच्या काठी अंजनवती नावाच्या नगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वनेचराच्या झोपडीत जन्म घेतला. त्याचे नाव शबल. तो लहान असतानाच रानात साथ आली आणि त्याच्या पाड्यावरची सगळी माणसे गेली. शबल तेवढा उरला. मोठा झाल्यावर तो कामाच्या शोधात नगरीत आला. अंगापिंडाने दणकट आणि शब्दाचा पक्का होता, म्हणून त्याला पश्चिम दरवाजावर पहारेकरी ठेवून घेतले.

नगरीत माणसांची काही वाण नव्हती, पण त्याचे असे कोणी नव्हते. बरोबरचे पहारेकरी त्याच्याशी वाईट वागत नसत. सणासुदीला जो तो आपल्या घरी जाई आणि त्याचा पहारा शबलवर येई, इतकेच. "तुला काय, तुझी कोण वाट बघतंय?" असे ते हसत म्हणत. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण बोलणे खरे होते, आणि खरे बोलणे जास्त लागते. शबल भाला घेऊन दरवाजात उभा राही आणि लोकांच्या घरात दिवे लागताना बघत असे.

त्या नगरीची रीत अशी होती: दिवस मावळला की नगारा वाजे आणि दरवाजे बंद होत. त्यानंतर कोटाजवळ कोणी दिसले तर पहारेकऱ्याने तीन वेळा विचारायचे, "कोण? कोणाचा?" येणाऱ्याने आपले नाव सांगायचे आणि आपल्या माणसाचे नाव सांगायचे. बापाचे, आईचे, निदान धन्याचे तरी. तीन हाकांना उत्तर आले नाही तर भाला फेकायचा. लुटारूंचा मुलूख होता, म्हणून रीत कठोर होती.

मग ज्याला ऐकू येत नाही त्याने काय करायचे? जुन्या लोकांनी त्याचाही विचार केला होता. त्याने कपाळावर पांढरी कवडी बांधायची. कवडी दिसली की पहारेकरी स्वतः पुढे जाई आणि हाताला धरून त्याला आत आणी. सोय चांगलीच होती. पण ज्यांनी ही सोय केली, त्यांनीच दुसरीकडे खुट्टी मारून ठेवली होती. कवडीवाल्याला बापाच्या घरादारावर हक्क नाही, असाही कायदा होता. शहाण्या माणसांचे देणे पुष्कळदा असेच असते. त्यामुळे गरिबांच्या मुलांच्या कपाळावर कवड्या दिसत, श्रीमंतांच्या घरी मात्र कोणीच बहिरे नसे.

आश्विनातल्या एका संध्याकाळी शबल एकटाच पहाऱ्यावर होता. जोडीदार जेवायला गेला होता. पावसाळ्यातल्या पुराने पश्चिमेचा कोट एके ठिकाणी खचला होता आणि त्या भगदाडाचे काम अजून चालू होते. नगारा वाजून गेला. नदीवरून धुके वर चढत होते. त्या धुक्यातून एक आकृती भगदाडाकडे येताना शबलला दिसली.

"कोण? कोणाचा?" शबलने हाक दिली. उत्तर नाही. तो थांबला आणि पुन्हा हाक दिली. आकृती पुढे येतच राहिली. तिसऱ्या खेपेला शबल घशाच्या शिरा ताणून ओरडला. तेव्हाही काही नाही. पंधरवड्यापूर्वीच भाला न फेकल्याबद्दल एका पहारेकऱ्याला काढून टाकले होते. शबलने मांडीचा नेम धरून भाला फेकला. नेमका त्याच क्षणी तो माणूस आत शिरण्यासाठी वाकला, आणि भाला बरगडीखाली घुसला.

शबल धावत गेला. पडलेला एक तरुण होता, अंगावर चांगले वस्त्र, हातात ओला पंचा. नदीवर पोहायला गेलेला. शबलने त्याचे डोके मांडीवर घेतले. तो तरुण शबलच्या डोळ्यांकडे बघत नव्हता, ओठांकडे बघत होता.

"हाक मारली होतीस का?" त्याने विचारले.

शबलने होय म्हणून मान हलवली.

"मला ऐकू येत नाही," तो तरुण म्हणाला. "लहानपणी तापात कान गेले. हे कुणाला कळू देऊ नकोस. आईला घराबाहेर काढतील."

त्या तरुणाला दिसेल अशा बेताने ओठ हलवत तो सावकाश म्हणाला, "नाही कळू देणार." तरुणाने त्याचा हात घट्ट धरला. मग त्याने विचारले, "तू कोणाचा?" इतकी वर्षे जो प्रश्न शबल दुसऱ्यांना विचारत आला होता, तो त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. शबल म्हणाला, "कोणाचाच नाही." तरुणाने ते वाचले की नाही, कोण जाणे. त्याचे डोळे तोवर स्थिर झाले होते. हात मात्र सुटला नव्हता. जोडीदार जेवून परत आला तेव्हा शबल तसाच बसलेला होता.

मेलेला तरुण पुष्कर. नगरातल्या एका दिवंगत श्रेष्ठीचा एकुलता मुलगा. त्याची आई धारिणी विधवा होती. पुष्करचे कान गेले तेव्हा नवऱ्याच्या निधनाला वर्षही झाले नव्हते. मुलाला कवडी बांधली तर घर दिराकडे जाणार आणि आपण दोघे रस्त्यावर येणार, हे तिला दिसत होते. तिने कवडी आणली, दोऱ्यात ओवली आणि पेटीत ठेवून दिली. मग दार लावून घेऊन ती मुलाला ओठ वाचायला शिकवू लागली. पुष्कर माणसाच्या तोंडाकडे रोखून बघत असे आणि कमी बोलत असे, म्हणून लोक त्याला गर्विष्ठ समजत. गर्विष्ठ म्हटलेले धारिणीला चालत होते.

शबलला न्यायसभेत उभे केले. फिर्याद धारिणीचा दीर भवदास याने केली. भावजयीचे दुःख तो तिच्यापेक्षा मोठ्याने रडला. पुतण्याच्या वाड्यावर त्याचा जुना डोळा होता, पण मुलामागे वारसा आईकडे जाई. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायची इच्छा कोणी बोलून दाखवत नाही, पण शेजाऱ्यांना ती दिसते.

न्यायामात्य म्हातारा आणि भला होता. कायद्याचे बोट सोडून तो एक पाऊल टाकत नसे, पण त्या नगरीच्या कायद्यात एक गोष्ट खरोखर मोठी होती. आरोपीला नुसते भिंतीशी उभे करायचे नाही, सुटकेची जेवढी दारे असतील तेवढी त्याला आधी दाखवायची, असा दंडक होता. न्यायामात्याने शबलपुढे एकेक दार ठेवले. भाला टाकणारा दुसराच कोणी होता, तू त्या वेळी तिथे नव्हतास, असे काही आहे का? शबल म्हणाला, मीच होतो. त्याने आधी शस्त्र उगारले आणि जीव वाचवण्यासाठी तुला मारावे लागले, असे आहे का? शबल म्हणाला, त्याच्या हातात पंचा होता. मद्य, वेड, तापातला भ्रम? नाही. मग राजाने नेमून दिलेले काम करताना, रीत पाळून, तुझ्या हातून हे झाले का?

"हो," शबल म्हणाला. "मी तीन हाका मारल्या."

"तीन हाका?" भवदास उसळून उठला. "माझा पुतण्या तीन हाका ऐकून गप्प बसला? त्याचे कान काय गेले होते?"

सभेत कुजबुज झाली. ज्या शब्दांनी वाडा त्याच दिवशी पदरात पडला असता, तेच शब्द भवदास थट्टेवारी उडवत होता. त्याला त्याची कल्पना नव्हती. बायकांच्या बाजूला धारिणी पदर डोक्यावर ओढून बसली होती. ती हलली नाही.

न्यायामात्याने शबलला विचारले, "तू हाका मारल्यास, तर त्याने उत्तर का दिले नाही?"

ठाऊक नाही असे म्हणणे सोपे होते, पण ते खोटे झाले असते. शबल म्हणाला, "ते मी सांगणार नाही."

"सांगता येत नाही की सांगणार नाहीस?"

"सांगणार नाही, महाराज."

हे ऐकून लोकांचा जो काही थोडा विश्वास होता तोही उडाला. हाका कोणी ऐकल्या नव्हत्या. जोडीदाराने खाली मान घालून सांगितले, की मी जेवत होतो.

आरोपी ज्या दगडावर बसे, त्याच्या शेजारी त्या सभेत आणखी एक दगड होता. त्याला सोबतीचा दगड म्हणत. ज्याच्या बोलण्याला साक्षीदार नाही, त्याच्या शेजारी कोणी येऊन बसले आणि त्याची हमी घेतली, तर सभा त्याचे पुन्हा ऐकून घेई. मात्र बसणाऱ्याने आधी आपण आरोपीचे कोण ते सांगायचे, आणि आरोप खरा ठरला तर निम्मी शिक्षा त्यानेही भोगायची. हत्येला देहान्त होता, म्हणून बसणाऱ्याचा उजवा हात जाई. मोठ्या घरचा आरोपी असला की भाऊबंद, आश्रित, कुळे अशी रीघ लागे. गरिबाच्या वेळी तो दगड रिकामा राही. इतकी वर्षे झाली तरी तो खडबडीतच राहिला होता.

न्यायामात्याने दोन दिवसांची मुदत दिली. तोवर कोणी सोबतीला आले तर ठीक, नाही तर शिक्षा.

शबलला कोटाच्या बुरुजात कोंडले. तिथून पश्चिम दरवाजा दिसत नसे, पण ऐकू येई. संध्याकाळी नगारा झाला आणि त्याच्या जागेवर आलेल्या नव्या माणसाने हाक दिली, "कोण? कोणाचा?" बाहेरून कोणी म्हणाले, "रुद्रक. हरिलाचा." दरवाजाची खिडकी उघडली, बंद झाली. रुद्रक हरिलाकडे गेला. शबल भिंतीला पाठ लावून बसून राहिला. बोधिसत्त्व होता म्हणून त्याला भीती वाटली नाही, असे कोणी समजू नये. त्याला मरणाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, आपण गेल्यावर कोणाच्याही घरात एक पान कमी मांडले जाणार नाही, याचे वाईट वाटत होते.

जोडीदार दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन आला. सोबतीच्या दगडावर बसता येणार नाही, पदरी तीन पोरे आहेत, असे त्याने न विचारताच सांगितले. शबलने त्याला दोष दिला नाही. मग जोडीदार हळूच म्हणाला, की तुला काहीतरी माहीत आहे हे मला दिसतेय. सांगून मोकळा हो. मेलेल्याला आता काय फरक पडणार? शबल म्हणाला की मेलेल्याला नाही पडत. जोडीदाराला त्याचा अर्थ कळला नाही. तो गेला. शबलचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चालूच राहिला. एका वाक्याने तो सुटला असता. ते वाक्य कितीदा तरी त्याच्या जिभेवर आले, आणि प्रत्येक वेळी त्याला ओठांकडे बघणारे ते डोळे आठवले.

दुपारी बुरुजाच्या दाराशी धारिणी आली. पहाऱ्यावरच्या माणसाला वाटले, शिव्याशाप द्यायला आली असेल. तसे करायचा तिला हक्क होता, म्हणून त्याने तिला सोडले आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला.

ती दाराच्या गजांजवळ येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तो गेला तेव्हा जवळ तूच होतास. शेवटी काही बोलला का?"

शबल उठून उभा राहिला. हिच्यापासून लपवायचे काही नव्हते. ते गुपित तिचेच होते.

"बोलला, माई. मला म्हणाला, मला ऐकू येत नाही हे कुणाला कळू देऊ नकोस. आईला घराबाहेर काढतील."

धारिणीने विचारले, "आणखी?"

"मला विचारलं, तू कोणाचा. मी म्हटलं, कोणाचाच नाही. एवढंच."

"त्याला फार दुखत होतं का?"

"थोडा वेळ. माझा हात धरून होता."

तिने गजातून त्याच्या हाताकडे पाहिले. तो मोठा, राठ, भाला धरून घट्टे पडलेला हात होता. याच हाताने मारले आणि याच हाताला धरून मुलगा गेला. तिला तो हात तोडावासा वाटला आणि धरावासाही वाटला. तिने दोन्हींपैकी काहीच केले नाही. "तू सभेत का सांगितलं नाहीस?" एवढेच तिने विचारले. शबल म्हणाला, "त्याला शब्द दिला होता." ती वळली आणि निघून गेली. आता ती गेली आणि उद्या आपण जाणार, असे शबलला वाटले. तिच्याकडून त्याची काही अपेक्षाही नव्हती.

मुदत संपली त्या सकाळी सगळी नगरी सभेत लोटली. राजाही आला होता. शबल आपल्या दगडावर बसला. शेजारचा दगड रिकामा होता. भालदाराने रीतीप्रमाणे पुकारा केला, "या आरोपीच्या सोबतीला कोणी आहे का?"

कोणी बोलले नाही. पहारेकरी जमिनीकडे बघत होते. जोडीदार पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"या आरोपीच्या सोबतीला कोणी आहे का?"

ही दुसरी हाकही तशीच गेली. कपाळावर कवडी कोणाच्याच नव्हती, सगळ्यांचे कान शाबूत होते. शबलने डोळे मिटले. हाकेला उत्तर न येणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके त्या सभेत दुसऱ्या कोणाला माहीत नव्हते.

तिसरा पुकारा झाला आणि बायकांच्या बाजूला हालचाल झाली. धारिणी उठली. लोकांमधून वाट काढत ती आली आणि सोबतीच्या दगडावर बसली. भवदास ओरडला, की भावजयीच्या मनावर परिणाम झाला आहे, तिला कोणीतरी आवरा. न्यायामात्याने हात वर करून त्याला गप्प केले आणि रीतीचा प्रश्न विचारला, "बाई, तू याची कोण?"

"माझा मुलगा याच्या मांडीवर गेला," धारिणी म्हणाली. "जाताना त्याने याला विचारलं, तू कोणाचा. याला उत्तर देता आलं नाही. ते मी देते. हा माझा."

मग तिने पदराच्या गाठीतून दोऱ्यात ओवलेली कवडी काढली आणि दगडावर ठेवली. दोरा जुना होऊन पिवळा पडला होता, पण कधीच न बांधल्यामुळे त्याला सुरकुती नव्हती.

"माझा पुष्कर बहिरा होता. ही त्याची कवडी. घर जाईल म्हणून मी बांधली नाही. बांधली असती तर याने भाला फेकला नसता, पुढे होऊन त्याला हाताला धरून घरी आणलं असतं. याने तीन हाका मारल्या असतील, महाराज. माझ्या मुलाला तीनशे मारल्या असत्या तरी ऐकू आल्या नसत्या. याला हे माहीत होतं. मला रस्त्यावर यावं लागू नये म्हणून हा मरायला बसला होता."

घरातल्या जुन्या दायीला बोलावले, तापात औषध देणाऱ्या वैद्याला विचारले. दोघांनी ते खरे असल्याचे सांगितले. न्यायामात्याने शबलसाठी शेवटचे दार उघडले. राजाचे काम करताना, रीत पाळून, अजाणता घडले, दोष नाही. मग त्याच तोंडाने त्याला दुसराही निकाल द्यावा लागला. पुष्करला वारसा कधी नव्हताच, म्हणून वाडा भवदासाचा. भवदासाला क्षणभर रडावे की हसावे ते कळेना. त्याने रडण्याचे निवडले, पण वाड्याच्या किल्ल्या मागायला तो विसरला नाही.

राजाने शबलला विचारले, की तुझे हाल झाले, त्याची भरपाई म्हणून काय देऊ? शबल म्हणाला, "महाराज, तो दगड रिकामा राहू देऊ नका. ज्याचं कोणी नाही, त्याच्या शेजारी राजाचा माणूस बसावा. आणि बसणाऱ्याचा हात तोडायची अट काढून टाका." राजाने ते मान्य केले. कवडीचा कायदा बदला, असे मात्र धारिणीने हात जोडून सांगितले तेव्हा राजाने बघू असे उत्तर दिले. राजे लोक एका दिवसात एवढेच चांगले होतात.

त्या दगडावर बसायला पहिला माणूस शबललाच नेमला. भाला त्याने परत दिला. कोणी परका, कोणी बेवारशी सभेत आला, की शबल त्याच्या शेजारी बसे, त्याला न कळलेली दारे त्याला समजावून सांगे आणि त्याचे बोलणे सभेला ऐकायला लावी. सगळेच सुटत नसत. ज्यांना शिक्षा होई, त्यांच्याही शेजारी तो शेवटपर्यंत बसून राही. वर्षे गेली आणि तो खडबडीत दगड हळूहळू गुळगुळीत झाला.

पश्चिम दरवाजाच्या आत, कोटाला लागून, त्याने एक झोपडी बांधली. धारिणी तिथे राहू लागली. दुःख कमी झाले असे कसे म्हणावे? ती जेवायला बसताना कधी कधी चुकून तीन पाने मांडी आणि मग एक उचलून ठेवी. शबल ते बघे आणि काही बोलत नसे. ज्याच्या हातून तो मुलगा गेला, त्याने काय बोलायचे? पण कधी त्याला आसपासच्या गावातून परतायला उशीर झाला आणि नगारा होऊन गेला, की धारिणी झोपडीच्या दारात कान देऊन उभी राही. दरवाजावरून हाक येई, "कोण? कोणाचा?"

आणि धुक्यातून उत्तर येई, "शबल. धारिणीचा."

ही कथा भिक्षुसंघाचा गुरू जो शास्ता, त्याने विहारात सांगितली, त्याला कारण घडले होते. दूर देशाहून आलेल्या एका नव्या भिक्षूवर चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, चोरल्याचा आळ आला होता. भर संघात तो एकटा उभा होता आणि त्याच्या शेजारचे आसन रिकामे होते. शेवटी एक वृद्ध भिक्षुणी काठी टेकत उठली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. चीवर नंतर वाळत घातलेल्या जागेमागेच सापडले.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, त्या वेळची धारिणी म्हणजे ही वृद्ध भिक्षुणी. पुष्कर म्हणजे आज तुमच्यासमोर एकटा उभा राहिलेला हा भिक्षू. न्यायामात्य म्हणजे विनयाचा, संघाच्या नियमांचा, निवाडा करणारे तुमचे वृद्ध स्थविर. पहारेकरी शबल मीच होतो." एवढे बोलून तो थांबला. मागच्या रांगेतल्या कोणीतरी विचारले, की भगवन्, आणि दोन हाकांपर्यंत खाली बघत बसलेली ती सभा? शास्त्याने सगळ्यांवरून शांतपणे दृष्टी फिरवली. "ती सभा म्हणजे तुम्ही," तो म्हणाला.

अशा रीतीने बोधिसत्त्वाने त्या जन्मी खोटे न बोलता करुणा राखली, आणि ज्याला कोणी नाही त्याचा सोबती होऊन करुणापारमिता, म्हणजे करुणेची साधना, पूर्ण केली.